सस्पेन्शन लिफ्टनंतर गाडीत आणखी काय काय बदलावं लागतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिफ्ट किटच्या खोक्यात बहुतेक वेळा चार स्प्रिंग आणि चार शॉक असतात. गाडी उंच करायला तेवढं पुरतं. पण चेसिस आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर वाढलं की त्या दोघांना जोडणाऱ्या प्रत्येक वस्तूवर त्याचा परिणाम होतो. ब्रेकचे होज ताणले जातात, प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, स्टेअरिंगच्या दांड्या तिरक्या होतात, वायरी अपुऱ्या पडतात. या वस्तूंकडे दुर्लक्ष केलं तर गाडी दिसायला रुबाबदार आणि चालवायला बेभरवशाची होते. खालची उत्तरं चेसिसवर बॉडी बसवलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या समोर ठेवून लिहिली आहेत. जिथे पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनचा विषय वेगळा आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

मुळात किती लिफ्ट करावी?

बहुतेकांना ५० मिमी पुरते. एवढ्यात थोडे मोठे टायर बसतात, चढावर आणि उतारावर बंपर घासत नाही, आणि सोबतच्या बदलांची यादी आवाक्यात राहते. ७५ मिमीच्या पुढे ही यादी झपाट्याने लांबते आणि १०० मिमीला जवळजवळ सगळीच भूमिती नव्याने बसवावी लागते. अर्धवट सोडलेल्या १०० मिमी लिफ्टपेक्षा नीट पूर्ण केलेली ५० मिमी लिफ्ट खडकातही पुढे जाते आणि रस्त्यावरही सरळ चालते, हे माझं ठाम मत आहे.

लिफ्ट केली की डिफरन्शिअलखालची जागा वाढते ना?

सलग ॲक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर असलेल्या गाडीत नाही. स्प्रिंग ॲक्सलच्या वर असते, त्यामुळे ती चेसिस उचलते, ॲक्सल होता तिथेच राहतो. डिफरन्शिअलचा गोळा उचलायचा तर टायरच मोठा लागतो, आणि तोही व्यासात जितका वाढेल त्याच्या निम्माच फायदा देतो. २४५/७० आर १६ या टायरचा व्यास साधारण ७४९ मिमी येतो, २६५/७५ आर १६ चा ८०४ मिमी. म्हणजे फरक ५५ मिमी आणि गोळ्याखाली मिळालेली जागा २७ मिमी. लिफ्टचं खरं काम या मोठ्या टायरला वर-खाली हलायला जागा करून देणं हे आहे.

बॉडी लिफ्ट स्वस्त पडते. ती केली तर हे सगळे बदल टळतात का?

हे टळतात, दुसरे येतात. बॉडी लिफ्टमध्ये सस्पेन्शनला हात लागत नाही, त्यामुळे शाफ्टचे कोन आणि कास्टर (चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा कल) जागेवर राहतात. पण रेडिएटर बॉडीबरोबर वर गेला आणि इंजिनावर बसलेला पंखा खालीच राहिला तर पंख्याची पाती श्राउडला, म्हणजे भोवतीच्या आवरणाला घासतात. स्टेअरिंगचा मधला शाफ्ट, गिअरचा आणि ट्रान्सफर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या पेटीचा) दांडा, इंधन भरायची नळी, अर्थिंगची वायर, हँडब्रेकची केबल हे सगळं तपासावं लागतं. २५ मिमीपर्यंत बॉडी लिफ्ट निभते. त्यावर मी जाऊ देत नाही, कारण मधले ठोकळे जितके उंच, तितका बॉडीच्या बोल्टांवर वाकवणारा जोर जास्त.

नुसत्या स्प्रिंग बदलून जुने शॉक ठेवले तर?

गाडी उंच होईल, पण चाक खाली लोंबकळण्याची मर्यादा जुनीच राहील. चाक खड्ड्यात उतरलं की शॉक पूर्ण ताणून खटकन थांबेल. शॉक हा धक्का शोषायला असतो, ॲक्सलचं वजन टांगून धरायला नाही. आतलं पिस्टन आणि वरचा बुश थोड्याच दिवसांत जातो.

दुसरी अडचण उलट्या बाजूची आहे. 'लांब शॉक घ्या' एवढाच सल्ला ऐकून लोक उघडी लांबी पाहतात आणि मिटलेली लांबी पाहायची राहून जाते. समजा जुना शॉक मिटल्यावर ३५० मिमी आणि उघडल्यावर ५५० मिमी होता. नवा ३८० आणि ६२० मिमीचा घेतला. खालच्या बाजूला ७० मिमी जास्त प्रवास मिळाला, पण वरच्या बाजूला शॉक ३० मिमी आधीच संपतो. बंप स्टॉप, म्हणजे चाकाला वर जाताना अडवणारं रबर, जुन्याच जागी असेल तर आधी शॉक आपटेल, मग बंप स्टॉप. असे दोनचार जोरदार धक्के बसले की शॉकची माउंटिंग फाटते. मग हा ३० मिमीचा फरक भरून कुठे काढायचा, ते पुढच्या प्रश्नात.

बंप स्टॉप खरंच बदलावे लागतात? विकणारे तर त्यांचा उल्लेखही करत नाहीत.

हो, आणि पूर्ण कामातला हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. बंप स्टॉपने चाकाला वर जाताना थांबवायचं असतं, आणि ते तीन गोष्टींच्या आधी: शॉक मिटण्याआधी, टायर मडगार्डला लागण्याआधी, आणि स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर बसण्याआधी.

तो किती खाली आणायचा हे लिफ्टच्या आकड्यावरून ठरवू नका, मोजून ठरवा. चेसिसखाली भक्कम स्टँड लावून चारही स्प्रिंग काढा. शॉक एका बाजूने सोडून ठेवा, चाकं चढवलेली असू द्या. आता जॅकने ॲक्सलची एकच बाजू वर न्या आणि दुसरी खाली सोडा, कारण खडकात चाकं अशीच वाकडी हलतात. दोन्ही चाकं एकदम वर नेऊन घेतलेलं माप फसवं असतं. एक बाजू पूर्ण वर असताना स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. टायर कुठे लागतो, तिथे खडूने खूण करा. शॉकच्या दोन माउंटिंगमधलं अंतर मोजा. ते शॉकच्या मिटलेल्या लांबीपेक्षा निदान १२-१५ मिमी जास्त असतानाच बंप स्टॉप टेकलेला हवा. रबर स्वतःही दबतं, तेवढी वाढीव जागा सोडा. वरच्या उदाहरणातला ३० मिमीचा फरक इथे ठोकळा घालून भरून निघतो.

याच बैठकीत ॲक्सल पूर्ण खाली सोडून पाहा. स्प्रिंग जागेवरून निसटण्याइतकी सैल होते का, ब्रेकचा होज ताणतो का, शाफ्टचा जॉइंट अडतो का? काही अडत असेल तर लिमिट स्ट्रॅप लावून ॲक्सल तिथेच थांबवा. एक दिवस जातो, पण जवळजवळ सगळ्या प्रश्नांची उत्तरं या एका दिवसात मिळतात.

ब्रेकचे होज दिसायला तर सैल आहेत. बदलायचे का?

गाडी उभी असताना ते नेहमीच सैल दिसतात. चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाहा. होज तारेसारखा ताठ होत असेल तर एक तर लांब होज घ्या किंवा चेसिसवरचा कंस खाली आणा. लहान लिफ्टला कंस पुरतो. लांब होज घेतला तर तो टायरला किंवा स्प्रिंगला घासत नाही हेही पाहा.

ब्रेकसोबत आणखी चार गोष्टी त्याच वाटेने ॲक्सलपर्यंत जातात: एबीएस सेन्सरच्या वायरी, हँडब्रेकची केबल, डिफ लॉक असेल तर त्याची वायर किंवा हवेची नळी, आणि ॲक्सलचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करू देणारी नळी. ब्रीदरची नळी तुटली तर कळतही नाही. गरम झालेला ॲक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. पुढच्या सर्व्हिसला तेल दुधासारखं पांढुरकं निघतं. ही नळी लांब करून इंजिनच्या खोलीत उंच नेऊन ठेवा.

लिफ्टनंतर मागचे ब्रेक कमी लागतात असं वाटतं. भास आहे का?

भास नसावा. अनेक पिकअपमध्ये आणि काही एसयूव्हींमध्ये मागच्या ॲक्सलजवळ भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो. चेसिस आणि ॲक्सल यांच्यामधलं अंतर पाहून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. अंतर जास्त म्हणजे गाडी रिकामी, असं त्याचं गणित. लिफ्ट केलेली गाडी त्याला कायम रिकामीच वाटते, त्यामुळे सामान लादलेलं असतानाही तो मागे दाब कमी देतो. त्याचा दांडा किंवा कंस लिफ्टच्या प्रमाणात सरकवला की काम होतं. छोटा कंस, दोन बोल्ट. पण उतारावर भरलेली गाडी थांबवताना त्याचं मोल कळतं.

पुढचा ॲक्सल एका बाजूला सरकल्यासारखा दिसतो. स्टेअरिंगही वाकडं बसलं आहे.

कॉइल स्प्रिंगच्या सलग ॲक्सलला आडवं जागेवर धरतो तो पॅनहार्ड रॉड. त्याचं एक टोक चेसिसवर, दुसरं ॲक्सलवर. चेसिस वर गेली की रॉड जास्त तिरका होतो, त्याची आडवी पोच कमी होते आणि ॲक्सल चेसिसवरच्या टोकाकडे ओढला जातो.

किती ओढला जातो, ते काढता येतं. रॉड ८५० मिमी लांब आणि मूळ अवस्थेत दोन टोकांमध्ये १०० मिमी उंचीचा फरक धरा. ५० मिमी लिफ्टला ॲक्सल साधारण ७ मिमी सरकतो. १०० मिमी लिफ्टला १८ मिमी. लिफ्ट दुप्पट, सरकणं अडीचपट. म्हणूनच लहान लिफ्टला काही जण रॉड तसाच ठेवतात आणि निभावून नेतात, मोठ्या लिफ्टला मात्र लांबी बदलता येणारा रॉड घ्यावाच लागतो. मागच्या ॲक्सललाही पॅनहार्ड रॉड असेल तर तिकडे हेच, आणि चेसिसवरचं टोक पुढच्याच्या उलट बाजूला असेल तर गाडी किंचित तिरकी धावते.

स्टेअरिंग वाकडं बसण्याचं कारण ड्रॅग लिंक, म्हणजे स्टेअरिंग बॉक्सकडून चाकांकडे जाणारा दांडा. ती सुद्धा तशीच तिरकी होऊन चाकांना एका बाजूला ओढते. ॲक्सल आधी मध्यावर आणा, मग ड्रॅग लिंकची लांबी जुळवून स्टेअरिंग सरळ करा. स्टेअरिंगचं चाक काढून सरळ बसवणं हा उपाय नव्हे. स्टेअरिंग बॉक्सचा मध्य चुकतो, आणि स्टेबिलिटी कंट्रोल असलेल्या गाडीला सरळ रस्त्यावरही वळण चालू आहे असं वाटून ती एखाद्या चाकाचा ब्रेक आपणहून दाबते.

कास्टर म्हणजे नेमकं काय आणि त्याची एवढी काळजी का?

सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो म्हणून हँडल आपोआप सरळ व्हायला बघतं. मोटारीच्या चाकाचा वळण्याचा अक्षही असाच मागे कललेला असतो, तो कल म्हणजे कास्टर. तो कमी झाला की गाडी रस्ताभर भटकते, वळणानंतर स्टेअरिंग आपणहून परत येत नाही, वेगात सतत बारीक दुरुस्ती करत राहावं लागतं.

रेडियस आर्मच्या (ॲक्सलपासून चेसिसकडे जाणाऱ्या एकेरी आर्मच्या) गाड्यांत, म्हणजे जुनी लँड रोव्हर डिफेंडर, लँड क्रूझर ८० किंवा निसान पेट्रोलसारख्या, आर्म ॲक्सलला घट्ट जखडलेला असतो. चेसिसकडचं टोक वर गेलं की ॲक्सलही तेवढाच फिरतो. आर्म ९०० मिमीचा धरला तर ५० मिमी लिफ्टला सुमारे तीन अंश कास्टर जातो. मूळ गाडीत एकूण तीन-चार अंशच असतील तर उरलं काय? भोक मध्यापासून सरकवलेले कास्टर बुश लहान लिफ्टला पुरतात. त्यापुढे आर्मचे कंस खाली आणणं, किंवा मुळातच वेगळ्या कोनात घडवलेले आर्म. वेगवेगळे वरचे-खालचे आर्म असलेल्या गाडीत, उदाहरणार्थ जीप रँग्लरमध्ये, नुकसान कमी होतं आणि लांबी बदलता येणाऱ्या आर्मने ते भरून काढता येतं.

इथे एक ओढाताण आहे. कास्टर परत मिळवण्यासाठी पुढचा ॲक्सल मागे कलवला की त्याची पिनियन (डिफरन्शिअलचा शाफ्टला जोडलेला गिअर) खाली वळते, म्हणजे पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो. एक सुधारलं की दुसरं बिघडतं. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत मी कौल कास्टरच्या बाजूने देतो आणि शाफ्टचा प्रश्न शाफ्ट बदलून सोडवतो. पुढच्या शाफ्टला थोडी थरथर सहन करता येते, हायवेवर भटकणारं स्टेअरिंग सहन करू नये.

ड्रॉप पिटमन आर्म लावला की स्टेअरिंगचा प्रश्न मिटतो, असं सांगितलं जातं. खरं का?

अर्धंच. पिटमन आर्म म्हणजे स्टेअरिंग बॉक्समधून निघून ड्रॅग लिंक हलवणारा हात. ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड एकमेकांना समांतर आणि जवळपास सारख्या लांबीचे असावे लागतात. तसे असतील तर चाक वर-खाली होताना दोन्ही एकाच चापात फिरतात आणि स्टेअरिंगला पत्ता लागत नाही. नुसता पिटमन आर्म खाली आणला तर ड्रॅग लिंक सपाट होते, पॅनहार्ड रॉड तिरकाच राहतो, आणि प्रत्येक खड्ड्याला गाडी आपणहून वळायला बघते. याच कारणाने ॲक्सलवरचा पॅनहार्डचा कंस एकटाच उंच करणंही चुकीचं. हात लावायचा तर दोन्हींना लावा.

वेगात खड्डा लागला की स्टेअरिंग भयानक थडथडतं. स्टेअरिंग डॅम्पर बदलू का?

आधी कारण शोधा. डॅम्पर ही थरथर झाकतो, बरी करत नाही. सलग ॲक्सलच्या गाडीत पहिला संशय पॅनहार्ड रॉडच्या बोल्टवर घ्यावा. लिफ्टच्या वेळी तो सोडलेला असतो आणि पुरेसा आवळलेला नसतो, किंवा त्याचं भोकच लांबट झालेलं असतं. इंजिन चालू ठेवून, चाकं जमिनीवर असताना, एकाला स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि स्वतः वाकून एकेका सांध्यावर बोट ठेवा. रॉड हलतो आणि कंस हलत नाही असा फरक बोटाला लगेच जाणवतो. मग टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, चाकाचे बेअरिंग, टायरचं बॅलन्सिंग. कास्टर कमी झालेला असेल तर तोही भर घालतो.

ठरावीक वेगाला गाडीखालून घरघर येते. शाफ्ट वाकला का?

वाकला नसेल, कोन बिघडला असेल. साध्या दोन-क्रॉसच्या (दोन्ही टोकांना एकेक युनिव्हर्सल जॉइंट असलेल्या) प्रोपेलर शाफ्टमध्ये क्रॉस कोनात फिरला की शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर हा चढ-उतार तिथे फिटतो. म्हणून ट्रान्सफर केसचा अक्ष आणि पिनियनचा अक्ष समांतर हवेत, आणि दोन्ही कोनांतला फरक एका अंशाच्या आत. मोजायला डिजिटल कोनमापक पुरतं. गाडी सपाट जमिनीवर, वजन चाकांवर असताना मोजा, स्टँडवर टांगून नाही.

दुहेरी क्रॉसचा, म्हणजे डबल कार्डन शाफ्ट असेल तर नियम वेगळा. तिथे वरचा दुहेरी जॉइंट आपला चढ-उतार स्वतःच फेडतो, म्हणून खालच्या क्रॉसला शक्य तितकं सरळ ठेवायचं, म्हणजे पिनियन थेट शाफ्टच्या रेषेत. जोर लागला की ती वर उचलली जाते, म्हणून उभ्या गाडीत एक-दोन अंश खाली ठेवतात. साध्या शाफ्टला हा नियम लावला किंवा उलट केलं की घरघर हमखास.

व्हीलबेस जितका लहान तितका मागचा शाफ्ट आखूड आणि कोन तीव्र. रँग्लर टीजेसारख्या गाडीत ट्रान्सफर केसच्या शेपटातला सरकता योक (शाफ्ट धरणारा चिमटा) काढून घट्ट योक बसवतात आणि लांब डबल कार्डन शाफ्ट घालतात. ट्रान्सफर केस थोडी खाली उतरवणं हा स्वस्त उपाय आहे, पण पोटाखालची जागा जाते. शाफ्टच्या लांबीचंही पाहा. ॲक्सल पूर्ण खाली गेल्यावर सरकत्या भागाचे दाते निदान अर्धे तरी आत गुंतलेले हवेत. रँग्लर जेकेच्या २०१२ नंतरच्या ३.६ लिटर इंजिनाच्या गाडीत आणखी एक अडचण येते: पुढचा शाफ्ट लोंबकळताना एक्झॉस्टच्या पाइपला लागतो. म्हणून तिथे पाइप सरकवायला स्पेसर घालतात.

माझ्या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. यातलं काय लागू होतं?

पॅनहार्ड आणि सलग ॲक्सलचे कास्टरवरचे उपाय नाहीत, बाकी बरंच. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये मूळ आर्म ठेवून ५० मिमी ही व्यवहार्य मर्यादा समजा. त्यापुढे वरचा आर्म जवळजवळ शेवटाला टेकतो, वरच्या बॉल जॉइंटचा कोन संपतो आणि ॲक्सलच्या सीव्ही जॉइंटला (कोनात वाकूनही चाक फिरवणाऱ्या सांध्याला) कायम वाकून फिरावं लागतं. त्यावरच्या रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात, आतलं ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला फवारल्यासारखं उडालेलं दिसतं. ते दिसलं की थांबा, वाळू आत गेल्यावर जॉइंट वाचत नाही.

पहिला पैसा वरच्या कंट्रोल आर्मवर घाला. मूळ आर्मवर लिफ्टनंतर कास्टर हवा तेवढा मिळत नाही. नवे आर्म तो परत देतात आणि बॉल जॉइंटला जास्त कोन देतात. डिफ ड्रॉप किटमुळे सीव्हीचा कोन थोडा निवळतो, पण त्यासाठी पुढचा डिफ खाली येतो. ५० मिमीच्या आत मी ते टाळायला सांगतो, जॉइंट खरोखर तक्रार करत असेल तर गोष्ट वेगळी.

स्ट्रटच्या डोक्यावर बसणाऱ्या स्पेसरबद्दल एक खबरदारी. स्ट्रट आर्मच्या साधारण मध्यावर टेकलेला असेल तर २५ मिमीचा स्पेसर चाकापाशी सुमारे ५० मिमी लिफ्ट देतो. स्पेसरची जाडी हीच लिफ्ट समजून दुप्पट जाड चकती घालणारे लोक थेट १०० मिमीवर जातात.

पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत काय वेगळं?

पाटे ॲक्सलला जागेवरही धरतात, त्यामुळे पॅनहार्ड नाही, काम सुटसुटीत. ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळा घालून लिफ्ट करायची तर फक्त मागे. पुढे कधीही नाही, कारण ब्रेकच्या जोराने ठोकळा निसटला तर स्टेअरिंगच जातं. मागेही ठोकळा उंच असेल तर ॲक्सलला पाट्यावर पीळ द्यायला जास्त लांब तरफ मिळते. पाटा एस आकारात वळतो, चाक उड्या मारत घसरतं. नवे कमानदार पाटे हाच चांगला मार्ग. यू-बोल्ट मात्र प्रत्येक वेळी नवे. एकदा पूर्ण आवळलेला यू-बोल्ट ताणलेला असतो, तो पुन्हा तेवढी पकड देत नाही.

स्टॅबिलायझर बारच्या लिंक लांब हव्यात का?

हो. गाडी सपाटावर असताना बारचे हात साधारण आडवे राहतील एवढ्या. आखूड लिंक ठेवल्या तर चाक लोंबकळताना बार उलटा पलटी होऊन अडकू शकतो.

टायर मोठे केले. गिअरचं गुणोत्तर बदलायलाच हवं?

वरच्याच टायरचं उदाहरण घेऊ. ७४९ वरून ८०४, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आसपास वाढ. स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०७ ने चाललेली असते, आणि इंजिनाला प्रत्येक चढावर तेवढंच जास्त ओढावं लागतं. मूळ ३.९ चं गुणोत्तर असेल तर पूर्वीइतकी ओढ मिळायला ४.२ च्या जवळ जायला हवं. टॉर्क चांगला असलेली डिझेल गाडी एवढी वाढ पचवते. दहा टक्क्यांच्या पुढे गेलात आणि वरचा गिअर लागतच नाही असं झालं, की क्राउन-पिनियन, म्हणजे डिफमधली गिअरची जोडी, बदलण्याचा विचार करा. पुढचा आणि मागचा डिफ दोन्ही एकाच गुणोत्तराचे हवेत. एकच बदलून फोर-व्हील लावलं तर ट्रान्सफर केस फुटते. टायर जड आणि मोठा, म्हणजे ब्रेकचं कामही वाढलं. ब्रेक पॅड जरा चांगल्या प्रतीचे घ्या. स्टेपनीही त्याच मापाची हवी.

रिमचा ऑफसेट (रिम आत-बाहेर किती बसतो ते माप) बदलून टायर बाहेर काढला की तो स्प्रिंगला लागत नाही, पण वळताना मडगार्डच्या मागच्या कोपऱ्याला लागतो. शिवाय बेअरिंगवर आणि स्टेअरिंगवर भार वाढतो.

समोरून येणारे सारखे डिपर मारतात. हेडलाइटला काय झालं?

पुढची उंची मागच्यापेक्षा जास्त वाढली असेल. हिशेब पाहा. लो बीम बहुतेक एक टक्का खाली झुकवलेला असतो, म्हणजे ९०० मिमी उंचीचा दिवा ९० मीटरवर रस्त्याला टेकतो. गाडी सपाट ठेवून ५० मिमी उचलली तर तो ९५ मीटरवर टेकेल, विशेष काही नाही. पण व्हीलबेस २७०० मिमी आणि पुढची बाजू मागच्यापेक्षा फक्त २० मिमी जास्त उचलली, तर दिवा पाऊण टक्का वर वळतो. एक टक्क्याचा झुकाव पाव टक्क्यावर येतो आणि प्रकाशाची कड साडेतीनशे मीटरच्याही पुढे जाते. समोरच्याच्या डोळ्यात सरळ. लिफ्टच्या दिवशीच भिंतीसमोर उभं करून दिवे जुळवा.

काचेमागचा कॅमेरा किंवा पुढचा रडार असलेल्या गाडीत त्यांचंही कॅलिब्रेशन करून घ्या. त्यांचीही नजर याच कारणाने चुकते.

उलटण्याचा धोका किती वाढतो?

स्थिरतेचं साधं माप म्हणजे दोन चाकांमधल्या रुंदीचा अर्धा, भागिले गुरुत्वमध्याची उंची. रुंदी १५०० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमीवर असेल तर उत्तर १.०७ येतं. लिफ्ट आणि टायर मिळून गुरुत्वमध्य ६० मिमी वर गेला तर ०.९९. आकडा लहान दिसतो, पण गाडी आधीच एकच्या आसपास होती हे लक्षात घ्या. वर छतावर जड रॅक ठेवला तर आणखी घट. अचानक स्टेअरिंग फिरवण्याची वेळ आली तर जुन्या सवयीने ही गाडी चालवू नका. आणि छतावरचं वजन शक्य तितकं खाली, गाडीच्या आत आणा.

कायद्याचं आणि विम्याचं काय?

नियम ठिकाणानुसार खूप वेगळे आहेत. काम सुरू करण्याआधी नोंदणी कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारा. अपघातानंतर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सहसा आपल्या बाजूने येत नाही.

सगळं बसवून झालं. आता अलाइनमेंट करून गाडी बाहेर काढू?

त्याआधी एक काम. रबर बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळलेले असतील तर सैल करा, गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे थोडी ढकलून बसू द्या आणि मग ठरलेल्या टॉर्कने आवळा. हे बुश आतल्या नळीला चिकटलेले असतात आणि रबर पिळलं जाऊनच हालचाल होते. लोंबकळत्या अवस्थेत आवळले तर गाडी उभी असतानाही ते कायम पिळलेले राहतात. लवकर फाटतात, आणि गाडीची उंचीही थोडी खोटी दिसते.

मग अलाइनमेंट. छापील कागदावर टोबरोबर (चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते माप) कास्टरचा आकडाही मागून घ्या, दोन्ही बाजूंचा. सलग ॲक्सलच्या गाडीत अनेक ठिकाणी फक्त टो पाहून गाडी परत दिली जाते.

पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, विशेषतः पॅनहार्ड रॉड आणि यू-बोल्ट. आवळलेल्या बोल्टवर रंगाची रेघ ओढून ठेवली तर पुढे नुसत्या नजरेने कळतं. ब्रेक होजवर घासल्याची चकाकी आहे का, शॉकच्या दांड्यावर तेल आहे का, बंप स्टॉपवर टेकल्याचे ताजे ठसे आहेत का हे वाकून बघा. एकाच बाजूला ठसे असतील तर त्या बाजूची स्प्रिंग किंवा वजन पुन्हा तपासा.

आणि गाडीतला जॅक एकदा चेसिसखाली लावून बघा. कंपनीचा जॅक जुन्या उंचीच्या हिशेबाने दिलेला असतो. उंच झालेल्या गाडीचं चाक तो जमिनीवरून उचलेलच असं नाही. पुरत नसेल तर जास्त उंचीचा जॅक आणि खाली ठेवायला जाड लाकडी फळी मागे कायम बांधून ठेवा.